भिंतीवरचे ध्येयवाक्य जरा बाजूला ठेवा

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात वाचनालयाच्या किल्लीवरून दोन वर्षे धुसफूस चालली होती. किल्ली सुपरवायझर सरांच्या खणात, लाल दोऱ्यात ओवलेली. वाचनालय उघडायचे शुक्रवारी, तेही शेवटच्या तासाला. प्राथमिक विभागाच्या टीचर म्हणायच्या, पोरांना रोज आत सोडा. संस्थेचे मॅनेजर म्हणायचे, पुस्तके हरवली तर ऑडिटला तोंड मला द्यावे लागते, तुम्हाला नाही. हेडमास्तरांना तीच खोली दहावीच्या जादा वर्गासाठी हवी होती. मला तिथे बोलावले ते ‘आमच्यात जरा समन्वय कमी पडतो’ एवढेच सांगून. दोनतीनदा जाऊन आल्यावर माझ्या ध्यानात आले की ही शाळा कशासाठी चालवायची याची तीन वेगळी उत्तरे तीन डोक्यांत आहेत आणि ती एकाच टेबलावर कधी आलेलीच नाहीत. किल्ली बिचारी मध्ये सापडली होती.

शाळा चालवणाऱ्या माणसांना त्यांचा सामाईक हेतू शोधायला मदत करणे, हे काम पहिल्यांदा अंगावर घेणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. तुम्ही निवृत्त मुख्याध्यापक असाल, पालक-शिक्षक संघात नव्याने निवडून आला असाल किंवा नुकतीच हेडमास्तरची खुर्ची मिळाली असेल आणि स्वतःच्याच गटाबरोबर हे करायचे असेल. शेवटच्या स्थितीत काम जास्त अवघड आहे, कारण बैठक चालवणारा आणि बैठकीत ज्याच्याबद्दल बोलायचे तो, असे दोन्ही तुम्हीच. जमले तर शेजारच्या शाळेतल्या कुणाला तरी बसवा.

कुणाकुणाला बोलवायचे

‘नेतृत्व गट’ हा परिपत्रकातला शब्द. गोव्यातल्या अनुदानित हायस्कुलात शाळेचा गाडा ओढणारे म्हणजे मुख्याध्यापक, सुपरवायझर, प्राथमिक विभागाच्या प्रमुख, संस्थेचे मॅनेजर, कधी चेअरमन, पालक-शिक्षक संघाचे अध्यक्ष, एखादी जुनी जाणती टीचर आणि कुठल्याच यादीत नाव नसलेले हेडक्लार्क. हेडक्लार्कना वगळू नका. पालक पहिल्यांदा त्यांच्या खिडकीशी येतो, आणि कुठल्या मुलाची सहलीची वर्गणी कुणी गुपचूप भरली हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नसते.

सहा ते नऊ माणसे पुरेत. संस्थेची अख्खी कार्यकारिणी आली की त्याची सभा होते, आणि सभा म्हटली की स्वागत, पुष्पगुच्छ आणि आभारप्रदर्शन आलेच.

कुणाच्या हातात काय आहे हेही आधी नीट समजून घ्या. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळा विकास आराखडा तयार करणे हे या समितीचे काम, ते कलम २२ मध्ये येते. पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांत ही समिती फक्त सल्ला देऊ शकते. म्हणजे सरकारी प्राथमिक शाळेत समितीच्या अध्यक्षा बरोबरीच्या नात्याने बसतात, अनुदानित शाळेत शेवटचा शब्द संस्थेचा. हे न पाहता बसलात तर सहा माणसे दोन शनिवार खर्चून काहीतरी ठरवतील आणि पुढच्या मंगळवारी मॅनेजर एका फोनवर ते मोडतील. त्यानंतर तुम्ही परत बोलावलेत तर कुणी येणार नाही.

एक-दोन शिक्षकी सरकारी शाळा असेल तर गट आपोआप ठरतो. शिक्षिका, समितीच्या अध्यक्षा, अंगणवाडी सेविका, मध्यान्ह आहार करणाऱ्या स्वयंसाहाय्य गटातली कुणी, जमल्यास भागशिक्षणाधिकारी. तिथे एक दुपार पुरते. खालचे सगळे त्यांनाही लागू आहे, फक्त आटोपशीर करा.

आधी एक सकाळ फाटकाशी

बैठकीपूर्वी एखाद्या साध्या दिवशी शाळेत जा. पाहुणे म्हणून नको, प्रार्थनेआधी जा. बालरथ, म्हणजे शाळेची बस, येऊन थांबतो तिथे उभे राहा. कोण कुणाला नावाने हाक मारतो, उशिरा आलेल्या मुलाला पहिले वाक्य कोणते ऐकू येते, सातवीची पोरे कुठल्या टीचरना बघून चालण्याचा वेग बदलतात, हे सगळे तिथे दिसते. नंतर ऑफिसात बसून तीन गोष्टी मागून घ्या: चालू वेळापत्रक, मागच्या तीन बैठकांची इतिवृत्ते आणि वर्षभराच्या खर्चाची वही. शाळा प्रत्यक्षात कशाला किंमत देते ते या तीन कागदांत असते. एका ठिकाणी तिन्ही इतिवृत्तांत कौलांची गळती, कंपाउंडची भिंत आणि गॅदरिंगचा मंडप यांपलीकडे अवाक्षर नव्हते. हे बैठकीत बोलून दाखवू नका. गळती ही खरी गोष्ट आहे, गोव्यात चार महिने पाऊस पडतो. आपल्या वहीत टिपून ठेवा, एवढेच.

मग प्रत्येकाशी अर्धा तास, एकट्याशी, त्यांच्या जागी. ‘शाळेबद्दल तुमचे व्हिजन काय?’ असे विचारलेत तर पाठ केलेले उत्तर मिळेल. मी हे विचारतो: गेल्या वर्षभरात कुठल्या दिवशी घरी जाताना बरे वाटले? कुठल्या दिवशी वाटले की उद्या येऊच नये? शाळेत अशी कुठली गोष्ट आहे जी बंद पडली तर तुम्ही भांडाल? तिसऱ्या प्रश्नाला माणसे थांबतात, खिडकीबाहेर बघतात. त्यांना थांबू द्या.

इथे माझी एक चूक सांगतो. एका शाळेत अशा गप्पांनंतर बैठकीत मी म्हणालो, “तुमच्यातल्याच कुणीतरी मला सांगितले की स्टाफरूममध्ये गेले की छातीवर धोंडा ठेवल्यासारखे वाटते.” नाव घेतले नव्हते. पण ‘छातीवर धोंडा’ हा त्या टीचरचा रोजचा शब्द होता, तिथल्या सगळ्यांना ठाऊक. चार माना एकदम तिच्याकडे वळल्या. त्या दोन्ही बैठका संपेपर्यंत ती बाई एक शब्द बोलली नाही, आणि पुढेही बाजारात भेटली तेव्हा नमस्कारापलीकडे नाही. तेव्हापासून मी एकट्याने ऐकलेले काहीही कुणाच्या शब्दांत मांडत नाही. बोलण्यापूर्वीच सांगतो की हे माझ्यापाशी राहील, जे सगळ्यांसमोर यावेसे वाटते ते तुम्ही स्वतः मांडा.

जागा, वेळ आणि भजी

हेडमास्तरांची केबिन नको, तिथल्या खुर्च्यांचीसुद्धा उतरंड ठरलेली असते. चौथीचा वर्ग घ्या. छोट्या बाकांवर सगळ्यांचेच गुडघे वर येतात, मॅनेजरांचेही.

आपल्याकडे बहुतेक शाळा दुपारी सुटतात, त्यामुळे ‘शाळा सुटल्यावर लगेच बसू’ असे ठरते आणि माणसे रिकाम्या पोटी बसतात. आधी जेवण किंवा निदान भाजी-पाव, मग बैठक, मध्ये चहा आणि मिरची-भजी. तारीख धरताना गणेश चवथीच्या आधीचे दोन आठवडे, परीक्षांचे दिवस, गॅदरिंगचा महिना आणि गावची जत्रा टाळा. अखंड दिवसाचे शिबिर करण्यापेक्षा अडीच अडीच तासांच्या दोन बैठका बऱ्या, मध्ये दहा-पंधरा दिवसांचे अंतर ठेवून. त्या अंतरातच खरे काम होते. माणसे स्कूटरवरून घरी जाताना विचार करतात, एकमेकांना फोन करतात.

सामान थोडे लागते: पोस्टकार्डाएवढे कोरे कागद, पेने, भिंतीला चिकटवायला टेप. प्रोजेक्टर न्याल तर सगळे भिंतीकडे बघत बसतील.

आणि हेडमास्तरांना आदल्या दिवशी एकट्याने गाठून सांगा: उद्या तुम्ही प्रत्येक फेरीत शेवटी बोलायचे. कारणही सांगा. त्यांनी आधी बोलले की बाकीच्यांचे बोलणे म्हणजे ‘सरांनी म्हटल्याप्रमाणे’ असे सुरू होते. बरेच हेडमास्तर हे ऐकून सुटल्यासारखे हसतात. एखादा दुखावतोही. दुखावलेल्याला पटवून मगच पुढे जा, त्याला डावलून नव्हे.

पहिली बैठक: एका मुलापासून सुरुवात

‘आपल्या शाळेचे ध्येय काय?’ या प्रश्नाने सुरुवात केलीत तर पहिल्या दहा मिनिटांत ‘सर्वांगीण विकास’ येईल आणि त्यापुढे गाडी हलणार नाही. मुलापासून सुरू करा.

प्रत्येकाला दोन कागद. पहिल्यावर, गेल्या पाच वर्षांतले असे एक मूल ज्याच्याबाबत शाळेने आपले काम केले असे वाटते. दुसऱ्यावर, असे एक मूल जे आपल्या हातून सुटले. नाव लिहायचे नाही, तीन-चार ओळीत काय घडले तेवढे. दहा मिनिटे पूर्ण शांतता. ज्याला मराठीत लिहायचे त्याने मराठीत, कोकणीत लिहायचे त्याने कोकणीत, रोमी लिपीत असेल तरी हरकत नाही. आपण बोलतो कोकणीत, इतिवृत्त लिहितो मराठीत आणि परिपत्रक वाचतो इंग्रजीत. मनातले लिहिताना भाषा बदलायला लावली की अर्धे गळून जाते.

किल्लीवाल्या शाळेत काय झाले ते सांगतो. तिथे खालच्या मजल्यावर प्राथमिक विभाग, मराठी माध्यम. पाचवीपासून वरच्या मजल्यावर, माध्यम इंग्रजी. गोव्यातल्या हजारो मुलांची वाट ही अशीच जाते. दुसरा कागद वाचायची पाळी सुपरवायझर सरांची आली. हेच ते किल्ली सांभाळणारे, कडक म्हणून सगळ्यांना माहीत. त्यांनी वाचले: “पाचवीतला मुलगा. इंग्रजीत काही विचारले की उभा राहून पायाच्या बोटांकडे बघायचा. मी त्याला मठ्ठ समजत होतो. माघात त्यांच्या वाड्यावरच्या देवळाच्या नाटकात त्याला पाहिला. राजपुत्राचे काम. दीड पान संवाद, एका दमात.”

प्राथमिकच्या टीचर म्हणाल्या, “कुठला, तो कुरळ्या केसांचा? सर, तो चौथीत माझा मॉनिटर होता. वर्गात त्यालाच गप्प बस म्हणावे लागायचे.”

कुणी काही बोलेना. बाहेर कुठेतरी पंप चालू होता. मग मॅनेजर, जे तोवर मोबाईल उलटा-सुलटा करत बसले होते, हळूच म्हणाले, “म्हणजे जिना चडलो आनी आमींच ताका ओगी केलो.” जिना चढला आणि आपणच त्याला गप्प केले.

असा क्षण आला की तुम्ही काही करू नका. फळ्याकडे जाऊन ‘वा, किती छान मुद्दा’ म्हणत तो लिहू नका. मी पहिल्या पहिल्यांदा हेच करायचो आणि त्या शांततेचा चुराडा व्हायचा. मिनिटभराने हेडक्लार्क म्हणाले की दाखला न्यायला येणाऱ्या पालकांचे कारण बहुतेक वेळा ‘वर गेल्यापासून पोर बोलत नाही’ हेच असते, पण आपण रकान्यात ‘स्थलांतर’ लिहितो. हे त्या शाळेत कुणालाच माहीत नव्हते.

प्रत्येक शाळेत असे घडेलच असे नाही. कधी सगळे कागद एकाच सुरात येतात: बोर्डात पहिला आलेला आणि परीक्षेला न बसलेला. अशा वेळी विचारा, निकालाच्या दिवशी ज्याचे नाव कुणी घेतले नाही अशा मुलाबद्दल लिहाल का? आणखी दहा मिनिटे द्या.

‘का’ हा शब्द जपून

पुस्तकी पद्धतीत पाच वेळा ‘का’ विचारायला शिकवतात. टोयोटाच्या कारखान्यातून आलेली रीत, यंत्र का बंद पडले ते शोधायला उत्तम. माणसांना, त्यातही आपल्याकडच्या शिक्षकांना, ‘का?’ म्हटले की मेमो आल्यासारखे वाटते. ‘दार का उघडे ठेवलेस’ यातला तो ‘का’. त्याऐवजी ‘त्याने काय होते?’ किंवा नुसते ‘मग?’ विचारा. शिस्त हवी. तिने काय होते? वर्ग शांत राहतो. मग? मग शिकवता येते. मग? इथे सुपरवायझर सर अडले आणि म्हणाले, “मग कळायला हवे, पण शांत वर्गात कुणाला कळले नाही ते मला कसे कळणार?” ते आपल्याच बोलण्यात अडकले आणि त्याचा त्यांना रागही आला. तो राग माझ्यावर निघाला, ते ठीक.

जड शब्दांना तासभर सुट्टी द्या. ‘संस्कार’, ‘गुणवत्ता’, ‘सर्वांगीण’ हे शब्द वाईट नाहीत, पण त्यांच्याखाली प्रत्येकाचे वेगळे बिऱ्हाड असते. कुणी संस्कार म्हटले की विचारा, सकाळी सव्वादहाला जिन्यावर उभे राहिले तर तो कसा दिसेल? एक म्हणेल रांग, दुसरी म्हणेल पडलेल्याला हात देणे. आपल्या वर्गांत हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान मुले शेजारी बसतात, घरी कन्नड किंवा हिंदी बोलणारी बसतात. आपण निवडलेला शब्द त्यांच्यापैकी कुणाला बाहेर ठेवतो का, हे त्याच वेळी पाहून घ्यावे.

माध्यमाचा वाद निघणारच. १९९० पासून प्राथमिकला अनुदान मराठी-कोकणीलाच, मग २०११ मध्ये सरकारने इंग्रजीलाही ते खुले केले, आणि त्यावरून जे रामायण झाले ते इथे कुणाला सांगायला नको. विषय दाबू नका, पंधरा मिनिटे द्या, घड्याळ लावून. मग म्हणा, अनुदानाचे धोरण पर्वरीच्या सचिवालयात ठरते, या वर्गात काय ठरते ते आता पाहू.

शाळेची जन्मकथा, पण वीस मिनिटेच

गटात एखादे जुने जाणते असतील तर त्यांना शाळा कशी सुरू झाली ते सांगायला लावा. आपल्याकडे ही परंपरा मोठी आहे. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०९ सालची, नावातच तिची गोष्ट आहे: घरोघरी बाजूला काढलेले मूठ मूठ तांदूळ. पोर्तुगीज अमदानीत मराठी शाळा कुणाच्या पडवीत, देवळाच्या अग्रशाळेत चालत. गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव प्राथमिक शाळा काढल्या. तुमच्या शाळेला जमीन कुणी दिली, पहिला वर्ग कुठे बसला, पहिल्या पटावर किती मुली होत्या, हे ऐकताना गटाची पाठ ताठ होते. मात्र वीस मिनिटांनी थांबवा. त्यापुढे ‘आमच्या वेळी’ सुरू होते आणि नव्या टीचर घड्याळ बघू लागतात.

दुसरी बैठक: वेळापत्रकावर निळी खूण

पहिल्या बैठकीच्या शेवटी गटाकडे एक अर्धवट, ओबडधोबड वाक्य असते. त्या शाळेत ते होते ‘पोरांचा आवाज जाऊ नये’. सजवू नका. तसेच घेऊन दुसऱ्या बैठकीला या आणि टेबलावर वेळापत्रक पसरा.

मला विचाराल तर हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि नवखे लोक हीच गाळतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितले आहे, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. म्हणजे पाचवीच्या मुलाचे ८०० तास आपल्या हातात आहेत. ते जातात कुठे? पाचवीच्या आठवड्याच्या चाळीस तासिकांपैकी कितींमध्ये मुलाला तोंड उघडायला मिळते, तिथे निळ्या पेनाने खूण करायला सांगितले.

तीन खुणा झाल्या. कवितेची एक, खेळाची एक आणि शुक्रवारची शेवटची, वाचनालयाची. त्यातली शुक्रवारची महिन्यातून दोनदा कुठल्यातरी मीटिंगमुळे बुडायची. किल्लीचा विषय मी काढला नव्हता. सुपरवायझर सर वेळापत्रकाकडे बघत होते, मग त्यांनी खिशातून तो लाल दोरा काढून बाकावर ठेवला.

इथून पुढे घासाघीस सुरू होते आणि ती व्हायलाच हवी. काही नवे करायचे तर काय सोडायचे? प्रत्येकाला आपला विषय सोडून दुसऱ्याचेच काढावेसे वाटते. तेव्हा नियम करा: सोडायची वस्तू स्वतःच्या ताटातली. हेडमास्तरांनी दहावीचा जादा वर्ग खालच्या मजल्यावर नेला. हेडक्लार्क म्हणाले, पाचवीच्या पालकांचे पहिल्या महिन्यातले कागद मी घरी जाऊन घेतो, मुलाला तासातून उठवू नका. गणिताच्या सरांनी काहीच सोडले नाही. हरकत नाही म्हटले, नाव लिहून घेतले नाही.

गॅदरिंगवर घसरू नका, असा सावधगिरीचा सल्ला. ‘सरावात तीन आठवडे जातात’ अशी तक्रार दर शाळेत निघते आणि बाहेरच्या माणसाला ती पटते. पण त्या राजपुत्राची आठवण ठेवा. आपल्या गावांत जत्रेला नाटक असते, पोरे रंगमंचावर वाढतात. ज्या शाळेचा हेतू मुलाचा आवाज हा आहे तिने नाटक कापायचे नसते, उलट त्यातले वर्गात कसे आणायचे ते बघायचे. त्या शाळेने पाचवीचा इंग्रजीचा धडा पहिल्या सत्रात पात्रे वाटून वाचायला सुरुवात केली. खर्च शून्य.

वाक्य एकाने लिहावे

समितीने लिहिलेले वाक्य स्वल्पविरामांनी भरलेले असते, कारण प्रत्येकाचा एक शब्द त्यात बसवावा लागतो. एकाला लिहू द्या, बाकीच्यांनी फक्त ‘हे खोटे आहे’ किंवा ‘हे चालेल’ एवढेच म्हणावे. तिथे प्राथमिकच्या टीचरनी लिहिले: ‘इथे आलेल्या मुलाचा आवाज वर जाता जाता हरवू नये.’ खाली दुसरी ओळ: ‘पाचवीतले प्रत्येक मूल चवथीच्या सुट्टीआधी वर्गात स्वतःहून एक तरी प्रश्न विचारील.’ चवथ म्हणजे गणपतीची हं, इयत्ता नव्हे. हा घोळ बैठकीतही झाला आणि सगळे पाच मिनिटे हसले. एक जण म्हणाले की दुसरी ओळ हेतू नव्हे, उद्दिष्ट आहे. बी.एड.च्या परीक्षेत त्यांना गुण मिळाले असते. पहिली ओळ एकटी राहिली असती तर दोन महिन्यांत तीही ‘सर्वांगीण विकास’ झाली असती.

लिहिले की पंधरा दिवस ते कुठेही लावू नका. मध्यान्ह आहार आणणाऱ्या बाईंना वाचून दाखवा, बालरथच्या ड्रायव्हरला दाखवा. त्यांनी ‘म्हणजे काय?’ विचारले तर पुन्हा लिहा. आणि पाहा, या वाक्याच्या आधारे कशालातरी ‘नाही’ म्हणता येते का. पंधरा दिवसांत कुठल्यातरी स्पर्धेचे पत्रक येईलच.

केव्हा बसू नये

पगार थकले असतील, कुणाविरुद्ध चौकशी चालू असेल, संस्थेत दोन गट कोर्टात गेले असतील तर हेतू वगैरे शोधायला बसू नका. त्या वेळी माणसे प्रत्येक वाक्यात वकील शोधतात. हेडमास्तर सहा महिन्यांत निवृत्त होणार असतील तर पुढे कोण येणार हे स्पष्ट होईपर्यंत थांबा, किंवा त्या दोघांना एकत्र बसवा. आणि मॅनेजर म्हणाले, ‘तुम्ही शिक्षकांचे करून घ्या, मला फक्त रिपोर्ट द्या,’ तर नम्रपणे नकार द्या. मी दोनदा हो म्हटले होते. दोन्ही रिपोर्ट फाइलला लागले.

त्यानंतर

शाळा विकास आराखडा तीन वर्षांचा असतो, वर्षनिहाय भाग पाडून. ठरलेले त्यात घाला, म्हणजे हेडमास्तर बदलले तरी कागद राहतो. महिन्यातून एकदा वीस मिनिटे, नेहमीच्या स्टाफ मीटिंगला जोडून, एकच प्रश्न: या महिन्यात कुठल्या मुलाचा आवाज ऐकला, कुणाचा नाही? मूल कोणते ते सांगायचे, टक्केवारी नको. पहिले तीन महिने तुम्ही जा, मग जाऊ नका.

त्या शाळेत पहिल्या चवथीपर्यंत पाचवीतल्या साधारण निम्म्या मुलांनी काहीतरी विचारले. गणिताच्या तासाला जवळपास कुणीच नाही. वाचनालयाची किल्ली आता जिन्याच्या वरच्या खिळ्यावर असते, आठवड्याला पाचवीतला एक जण ती सांभाळतो आणि नेलेल्या पुस्तकाचे नाव वहीत लिहितो, कधी मराठीत, कधी मोडक्या इंग्रजीत. वर्षअखेरीस अकरा पुस्तके कमी भरली. चार नंतर परत आली, एकावर माशाच्या हुमणाचा डाग. राहिलेल्या सातांसमोर मॅनेजरांनी शेऱ्याच्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिले: ‘वाचायला नेली आहेत.’ ऑडिटरने तो शेरा काही मानला नाही. पैसे पालक-शिक्षक संघाने भरले.